एकपाखीचा पहिला कागद

५ जानेवारी

आत्या,

नमस्कार नंतर, आधी भांडण. दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. फोन करावा तर तू म्हणतेस, फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने घालते. मागच्या वेळी मी 'बढती मिळाली' म्हटलं आणि तू दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलीस की पोरीला सर्दी झालीय. म्हणून आता पत्र. याचं उत्तर आलं नाही तर मी खरंच आजारी पडेन.

माझं काम तुला माहीत आहे. कपड्याला जे लहानसं कार्ड लटकतं ना, 'थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा' आणि वर दोन ओळी कौतुक, ते मी लिहिते. तिसऱ्या मजल्यावर, बटणांच्या कपाटाला पाठ टेकून. तर आमची कंपनी या उन्हाळ्यात काय काढतेय ठाऊक आहे? एकपाखी! एका खांद्यावरून कमरेपर्यंत कापडाची सैल पट्टी, म्हणजे सुटा पाखा, सोडलेला ब्लाउज, जसा तुमच्या शिवणघरात शिवायचे, अगदी तोच. मीटिंगमध्ये शब्द ऐकला आणि मी उठून ओरडलेच, "अहो, हा माझ्या आत्याच्या शिवणघरातला शब्द आहे!"

विक्रीच्या साहेबांना ते आवडलं नाही. त्यांची गोष्ट तयार होती. म्हणे पूर्वी लढवय्या राण्या ढाल धरायचा हात झाकायला असा पाखा लावत. चहा पिता पिता रचलेली गोष्ट, आणि ती हजारो कार्डांवर छापणार! मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, मग खरं काय ते मार्चअखेर पुराव्यासह आणा, नाहीतर ढाल छापायला जाईल.

आता माझं नाक तुझ्या हातात आहे. एकपाखी पहिल्यांदा कोणी शिवली, कोणासाठी, आणि नाव कोणी ठेवलं, सगळं लिही. कार्डावर तुझं नाव यावं असं मला फार फार वाटतं. आईला विचारलं, तर "मी काय शिंपीण आहे?" म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. जन्मभर तिच्या अंगावर एकपाखी सोडून दुसरं काही पाहिलं नाही मी, आणि हिला म्हणे काही माहीत नाही.

तुझी
टाचणी


१४ जानेवारी

टाचणीबाई,

बढती मिळाल्याचं आता नीट कळलं. आनंद झाला. सर्दीचं औषध पाठवलं होतं ते ठेव, कधी ना कधी लागेलच.

तुझ्या साहेबांना सांग, ढाल धरणारी बाई अंगावर सुटा पाखा कशाला घेईल? पहिल्याच फेरीत तो तलवारीत अडकायचा. कपडे विकणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये?

खरी गोष्ट साधी आहे. तीस वर्षं झाली. शिवणघरात आम्ही सात जणी, सात मशिनी, आणि मी कापणारी. मागच्या अंगणात चिंध्यांची पोती ठेवायला छप्पर होतं, एकाच बाजूला उतरतं. त्याला सगळे एकपाखी म्हणायचे, कारण तसल्या छपराला म्हणतातच तसं. एकदा एका ब्लाउजला कापड कमी पडलं. डाव्या बाजूला दुसऱ्या कापडाचा सुटा पाखा सोडला आणि वेळ निभावून नेली. कोणीतरी म्हणालं, हे तर आपलं एकपाखी. नाव चिकटलं. कोण म्हणालं ते आता आठवत नाही.

पुढचं मात्र गमतीचं. शाळेतल्या एका बाईंनी तो ब्लाउज पाहिला आणि हटून बसल्या, मला अस्साच हवा. त्यांचं पाहून सगळ्या शाळेने शिवला. दोन वर्षांत शब्द शिवणघरातून रस्त्यावर गेला आणि तिथे बिघडला. नटणारी दिसली की पोरं मागून 'एकपाखी' म्हणून ओरडायची. मग नवऱ्याला सोडून एकटी राहणारी, तीही एकपाखी. शाळेतल्या बाईंनी तर घालणंच सोडलं. मी मात्र शिवत राहिले. लोकांच्या तोंडाला टीप मारता येत नाही, मी माझ्या कापडाला मारते.

आमची एक रीत तुला ठाऊक नसेल. कटिंगच्या कागदावर आम्ही कोणाचं नाव घालत नसू, फक्त खूण. शाळेतल्या बाईंची खडू, डॉक्टरीणबाईंची घड्याळ. नाव आलं की शिवणघरातल्या बायका एकमेकींना मापं सांगत बसतात, आणि कोणाची कंबर किती याच्याशी दुसरीला काय करायचंय? खूण फक्त मला माहीत.

झाली तुझी गोष्ट. माझं नाव कार्डावर नको.

आत्या


२३ जानेवारी

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. एकदा बटणांच्या कपाटाआड हसत वाचलं, तर मास्तर डोकावले. मास्तर म्हणजे आमचे कापणारे, चाळीस वर्षं कात्री धरलेला माणूस. तलवारीत अडकणारा पाखा त्यांना इतका पटला की त्यांनीच तो साहेबांना ऐकवला.

पण साहेब काही हलेनात. "कापड कमी पडलं? हे कार्डावर छापू? लोक म्हणतील आम्ही चिंध्या विकतो." आणि पुरावा हवाच म्हणतात.

तो शब्द आता कुठे पोचलाय तुला कल्पना नाही. एका बाजूने कापलेले केस ते एकपाखी केस. दोन पायांत दोन रंगांचे मोजे, तेही एकपाखी. आमच्याकडची एक मुलगी परवा म्हणाली, "आज मी एकदम एकपाखी आहे," म्हणजे आज मी कोणाची पर्वा करणार नाही. जी शिवी होती ती पोरी मिरवतात. मला फार मजा वाटली, आणि तुझ्या शाळेतल्या बाईंचं वाईटही वाटलं.

एक मात्र मला खटकलं. 'कोण म्हणालं आठवत नाही.' तुला? तुला तुझ्या सातवीतल्या मैत्रिणीच्या फ्रॉकची बटणं आठवतात, मोजून आठवतात. असो. पुरावा म्हणून जुना कागद असेल तर पाठव ना. मास्तरांना पाख्याचा उतार पाहायचाय, आणि साहेबांपुढे ठेवायला मला काहीतरी जुनं, पिवळं पडलेलं हवंय.

टाचणी


१ फेब्रुवारी

टाचणी,

कपाटावरची पेटी उतरवली. उतरवताना पाठ धरली, ते तुझ्या खात्यावर. शिवणघर मोडलं तेव्हा बाकीचे कागद रद्दीत गेले, हे दोन-तीनच राहिले होते. शाळेतल्या बाईंचा पाठवते आहे, कोपऱ्यात खडू असेल. मोतीबिंदूने मला आता रेघेऐवजी धुकं दिसतं, पण घडी हाताला ओळखीची वाटली.

उतार पाहा आणि कागद परत पाठव. मास्तरांना म्हणावं, त्यावर चहाचा कप ठेवू नका.

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

पकडलं तुला! तीस वर्षांत पहिल्यांदा!

कागद मिळाला. मास्तरांनी तो टेबलावर पसरला आणि कपाळाला हात लावला. नेहमी पुढच्या भागाचा अर्धाच कागद असतो, कापड घडीवर ठेवून कापायचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. तुझा कागद सबंध! आणि दोन बाजू चक्क वेगळ्या. उजवीकडे छातीला उभार देणारे दोन टक्स, डावीकडे एकही नाही. डावीकडे माप दोन इंचांनी कमी. आणि आत, पाख्याखाली, अस्तराला एक खिसा, काखेच्या बाजूने उघडणारा. "तिथे रुमालासाठी कोण हात घालणार?" मास्तर म्हणाले. "बाईंच्या हातून चूक झाली हो. डावी बाजू विसरल्या."

तुझी आणि चूक! मी सगळ्या मजल्याला सांगितलं.

खूणही खडूची नाहीये. कोपऱ्यात चक्क एक टाचणी काढलीय. मास्तर म्हणतात, तिथे कापड टाचायचं असेल. मी म्हटलं, आत्याने माझंच चित्र काढून ठेवलंय.

काळजी करू नकोस, मास्तरांनी नव्या कागदावर सुधारून घेतलं. डावीकडे दोन टक्स घातले, खिसा काढून टाकला. आता कसं सरळ झालं. साहेबही जुना कागद बघून जरा नरम आलेत.

आता कबूल कर पाहू. लिहून दे, सही करून!

तुझी विजयी
टाचणी


१९ फेब्रुवारी

चि. टाचणी,

मास्तरांचं बरोबर असेल. माझंच चुकलं असेल. कागद परत पाठव.

थंडी आहे, अंगभर घालून जात जा.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या चार ओळी वाचल्या आणि पुन्हा वाचल्या. ज्या बाईने गिऱ्हाइकाला दोनदा घरी पाठवून सिद्ध केलं होतं की त्यांच्या घरची टेप चुकीची आहे, माझं माप नाही, ती लिहिते 'माझंच चुकलं असेल'? तू माझ्याकडे सपशेल हरलीस, आणि तू कोणाकडे हरत नाहीस. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

मी कागद परत पाठवला नाही. सगळे जेवायला गेले तेव्हा मास्तरांच्या टेबलावर तो पसरला आणि तुझ्या मापाने ब्लाउज शिवला. जसाच्या तसा. डावीकडे टक्स नाहीत, आत खिसा. पुतळ्याला घातला तर वेडावाकडा दिसला, डावीकडे कापड पुरेना. कारण पुतळ्याच्या दोन्ही बाजू सारख्या. मग तो टेबलावर ठेवला आणि खिशात कापूस भरला. हळूहळू भरला. एका क्षणी दोन्ही बाजू सारख्या झाल्या, आणि पाखा वरून असा बसला की काही कळूच नये.

मी कागद पुन्हा उलगडला आणि कोपऱ्यातली टाचणी पाहिली.

खुणेत नाव लपवता ना तुम्ही? टाचणी म्हणजे टाचणीची आई.

मी चार वर्षांची असताना आई कित्येक महिने मावशीकडे गेली होती. परत आली तेव्हा तिचे केस आखूड होते. लहानपणी ती मला नेहमी उजव्या बाजूला झोपवायची. मी चुकून डावीकडे गेले की उठून जागा बदलायची, कितीही झोपेत असली तरी. मला वाटायचं, भिंतीकडची जागा तिला आवडते.

आत्या, मी आता चौतीस वर्षांची आहे. आई तेव्हा किती वर्षांची होती? कार्ड गेलं खड्ड्यात. हे मला माझ्यासाठी कळायला हवंय. तू सांगशील का?

टाचणी


७ मार्च

पोरी,

मी शब्द दिला होता. तीस वर्षं पाळला. तुझ्या बाबांपाशीही मी त्या कागदाबद्दल कधी काही बोलले नाही. तुलाही सांगणार नाही, त्यामुळे मला विचारू नकोस.

पण डॉक्टरकडे जा. उद्या जा, परवावर टाकू नकोस. तपासून घे, मग माझ्याशी हवं तेवढं भांड. एवढं सांगितल्याने शब्द मोडत असेल तर मोडला. तुझ्यापेक्षा मोठा नाही तो.

तुझं पत्र घेऊन मी वहिनीकडे गेले. टेबलावर तिच्यासमोर ठेवलं. तिने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "वन्सं, तो कागद पाठवलात तुम्ही?" मी म्हटलं, डोळ्यांनी दगा दिला. घडी तीच लागली हाताला, खूण दिसली नाही. मला वाटलं आता घराबाहेर काढणार. तिने चहा टाकला. तो पिऊन मी उठले. निघताना म्हणाली, उद्या या. आज गेले तर हे पाकीट हातात दिलं. सोबत पाठवते आहे. मी उघडलेलं नाही.

आणि हे तुझ्या मास्तरांना मोठ्याने वाचून दाखव. त्या कागदात चूक नव्हती. आयुष्यात एकच कागद मी रडत रडत कापला, आणि तरी तो सुतभरही इकडचा तिकडे झाला नाही.

आत्या


६ मार्च

टाचणी,

आत्यावर रागावू नकोस. तिचा काही दोष नाही.

मी तेव्हा तुझ्याच वयाची होते, चौतीस. मावशीकडे नव्हते गेले, इस्पितळात होते. गाठ निघाली, डावी बाजू काढली. जीव वाचला, तू समोर होतीस, रडायचं कशाला असं सगळे म्हणायचे. मी रडले नाही, पण बाहेरही पडले नाही. जुने ब्लाउज अंगात घातले की एका बाजूला कापड लोंबायचं. तुझे बाबा फार चांगले होते, पण बोलताना भिंतीकडे बघायचे. दोन महिने मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

एक दिवस वन्सं टेप घेऊन आल्या. मी म्हटलं, माप देणार नाही. त्या म्हणाल्या, मी डोळे मिटते. आणि खरंच डोळे मिटून त्यांनी माप घेतलं, बोटांनी टेप चाचपत. उजवीचं वेगळं, डावीचं वेगळं. अशी दोन मापं शिंपी कधी घेत नाही, माणसाच्या दोन्ही बाजू सारख्याच धरतात. आकडे तोंडाने बोलल्या नाहीत. मनात ठेवून घरी गेल्या.

आठवड्याने मला शिवणघरात बोलावलं. सगळ्या जेवायला गेल्या होत्या. मी तो ब्लाउज घातला, खिसा भरला, वरून पाखा सोडला. समोर मोठा आरसा, आरशात मी, आणि माझ्या मागे खिडकीतून अंगणातलं ते छप्पर दिसत होतं. मी म्हटलं, "वन्सं, बघा, मीपण एकपाखी झाले." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की वन्संच्या ओठांतल्या टाचण्या खाली सांडल्या. इस्पितळातून आल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते. तो शब्द माझा आहे. वन्संना चांगला आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी तो घालून बाजारात गेले. शाळेतल्या बाईंनी अडवून विचारलं, कुठे शिवलात हो, किती सुंदर आहे. मला रस्त्यात नाचावंसं वाटलं. पुढे सगळ्या गावाने घातला. बरोबर डावीकडेच पाखा! मी जाता येता बघायचे आणि मनात हसायचे. पोरं शिवी म्हणून ओरडायला लागली तेव्हा मात्र लागलं. पण मी घालणं सोडलं नाही, एवढं तू पाहिलंयस.

तुला का नाही सांगितलं? आधी तू लहान होतीस. मग तुझी परीक्षा होती. मग बाबा गेले. मग वाटलं, आता कशाला. पण तुला तपासून घ्यायला हवं, हे मला सुचायला हवं होतं. खरं सांगू? सुचायचं. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला सुचायचं, आणि भीतीने मी गप्प बसायचे. चूक म्हणायची तर ती ही, वन्संच्या कागदात नाही. मला माफ कर.

तुझ्या कार्डाचं म्हणशील तर नाव घालू नकोस, माझंही नको, वन्संचंही नको. ढाल तर मुळीच नको. पण एक ऐक. तुझ्या मास्तरांना तो खिसा परत लावायला सांग.

आई


२२ मार्च

आई,

तपासून आले. दोन दिवस थांबायला लावलं, ते दोन दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. आज कळलं. काही नाही. दरवर्षी यायला सांगितलंय, जाईन. माफी वगैरे पुन्हा लिहिलंस तर मी कायमचा अबोला धरीन. मी खूप रडले, ते मात्र तुझ्यासाठी, चौतीस वर्षांच्या तुझ्यासाठी.

आत्याच्या ओळी मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवल्या. कोणाचं माप ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की हे एका जिवंत बाईचं माप होतं, पुतळ्याचं नव्हतं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. डावी बाजू, टक्स नाहीत, खिसा. मग त्यांनी कात्री खाली ठेवली. "चूक माझी," म्हणाले. "कापणाऱ्या बाईंना माझा नमस्कार कळवा." आणि स्वतः साहेबांच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ढाल गेली. प्रत्येक एकपाखीला आत खिसा लागणार आहे, आणि कोणी एका बाजूचं माप वेगळं सांगितलं तर मास्तर तसं कापून देणार आहेत.

कार्डावर मी एवढंच लिहिलंय: 'एकपाखी. हे नाव एका बाईने आरशासमोर स्वतःला पाहून ठेवलं, आणि ती हसली. आतला खिसा तुमच्यासाठी आहे.' साहेब म्हणाले, कसला खिसा, कोणाला कळणार? मी म्हटलं, जिला लागेल तिला कळेल.

शनिवारी येतेय. आत्यालाही बोलावून ठेव, तिचा कागद तिच्या हातात द्यायचाय. आणि आई, माझं अंथरूण नेहमीसारखं उजवीकडे घालू नकोस. या वेळी मी तुझ्या डावीकडे झोपणार आहे.

टाचणी